एक्स-रे नॉर्मल, तरी मान धरलेली: मागून बसलेल्या धडकेची भरपाई

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्याच्या. वय ३८, खासगी कंपनीच्या लेखा विभागात कायम नोकरी, पगार महिना ३२ हजार. साडेतीन महिन्यांपूर्वी रविवारी संध्याकाळी साताऱ्याहून परतताना त्यांची कार टोलनाक्याच्या रांगेत उभी होती. गाडी यजमान चालवत होते, ताई शेजारी बसल्या होत्या. मागून छोटा टेम्पो आदळला आणि कार पुढे ढकलली जाऊन पुढच्या गाडीवर गेली. रुग्णालयात कपाळावरचे खरचटलेले पुसले, मानेचा एक्स-रे काढला, ‘नॉर्मल’ म्हणून घरी सोडले. टेम्पोमालकाने गाडीच्या कामासाठी २० हजार दिले. ‘आपसात मिटले’ असे लिहून त्याने आणि यजमानांनी सह्या केल्या. पोलिसांनी स्टेशन डायरीत नोंद केली, गुन्हा दाखल झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंची मान वळेना. तिसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टर, मग हाडांचे डॉक्टर, उजव्या हाताला मुंग्या, एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती फुगलेली, पाच आठवडे रजा. फिजिओथेरपी अजून चालू आहे. आतापर्यंत खर्च ६४ हजार, त्यातले २२ हजार मेडिक्लेममधून मिळाले. आता टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस फोन करून ४० हजारांत मिटवा म्हणतो. ताई विचारतात की दावा होतो का, यजमानांची चूक निघेल का, किती मिळेल, आणि एकाने मागितलेले ‘मिळतील त्याचे ३० टक्के’ द्यायचे का.

ताई, दावा होतो, आणि तो चांगला दावा आहे. पण सर्वात आधी तारीख बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये १ एप्रिल २०२२ पासून मुदत आली आहे. अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज गेला पाहिजे. मधली बरीच वर्षे अशी मुदतच नव्हती, त्यामुळे ‘सावकाश करू, काही बिघडत नाही’ असे सांगणारे अजूनही भेटतात. या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत. त्या प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. ज्यांची मुदत गेली त्यांना तो आधार आहे. तुमच्या हातात अजून अडीच महिने आहेत, तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नका. उपचार संपले नाहीत, अपंगत्वाचा दाखला मिळाला नाही, म्हणून थांबायचे कारण नाही. अर्ज आत्ता जातो, दाखला नंतर जोडता येतो. शिवाय भरपाईवरचे व्याज बहुधा अर्जाच्या तारखेपासून धरले जाते, म्हणजे उशीर केला तर तेवढे व्याज बुडते.

चुकीचा मुद्दा तुमच्या प्रकरणात सर्वात सोपा आहे. मागच्या गाडीने पुढच्या गाडीपासून इतके अंतर ठेवले पाहिजे की पुढचा एकाएकी थांबला तरी आपल्याला थांबता आले पाहिजे. हा नियम १९८९ च्या रस्ता नियमांत होता आणि २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवर चालणारी कार ट्रकने ब्रेक मारताच त्याच्यावर आदळली होती. कारमधल्यांचे म्हणणे होते की ट्रकवाला अचानक थांबला. न्यायालय म्हणाले, महामार्गावर दहा-पंधरा फूट हे सुरक्षित अंतरच नव्हे, आणि दावा टिकला नाही. तुमच्या बाबतीत तर कार टोलच्या रांगेत उभीच होती.

तरीही टेम्पोवाल्याचा वकील ‘कार अचानक थांबली’ हे वाक्य लिहिणारच, कारण पुढच्याचीही चूक निघू शकते. कोइम्बतूरजवळ महामार्गावर एका कारचालकाने पत्नीला मळमळू लागले म्हणून इशारा न देता मध्येच गाडी थांबवली. मागचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी मोटारसायकलसह कारवर आदळून पडला, मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली आणि पाय कापावा लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्के जबाबदारी त्या कारचालकावर, ३० टक्के बसवर आणि २० टक्के विद्यार्थ्यावर टाकली. विद्यार्थ्याने सुरक्षित अंतर ठेवले नव्हते आणि त्याच्याकडे परवाना नव्हता, पण मूळ चूक मध्येच थांबणाऱ्याची धरली गेली. टोलनाक्यावर, सिग्नलला, कोंडीत थांबणे आणि मोकळ्या महामार्गावर काहीही न सांगता थांबणे यांत म्हणूनच जमीनअस्मानाचा फरक आहे. तुमच्या अर्जात ‘रांगेत उभी असताना’ हे शब्द पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजेत.

यजमानांवर बोट दाखवले जाईल ते दुसऱ्या कारणाने. तुमची कार पुढच्या गाडीला लागली. मग विमा कंपनी म्हणेल की तुम्हीच आधी पुढच्याला ठोकले आणि टेम्पो नंतर आला. अशा साखळी धडकांत मी एकच प्रश्न आधी विचारतो: पुढच्या गाडीतल्या लोकांना धक्के किती बसले, एक की दोन? आधी एक धक्का आणि क्षणभराने दुसरा बसला असेल, तर मधल्या गाडीने आधी ठोकले होते. एकच धक्का असेल, तर मधली गाडी ढकलली गेली. पुढच्या गाडीच्या मालकाचा नंबर फोनमध्ये असेलच, कारण त्या संध्याकाळी तुम्ही सगळे तासभर एकाच ठिकाणी उभे होता. त्याच्याकडून दोन ओळींचे लेखी निवेदन घ्या. टेम्पो कुठे लागला, कार किती ढकलली गेली, हे गॅरेजच्या बिलावरून आणि तुमच्या विमा कंपनीने सर्व्हेअर पाठवला असेल तर त्याच्या अहवालावरूनही कळते. मागचा भाग खूप चेपलेला आणि पुढचा थोडाच, हे चित्र ढकलले गेल्याचेच असते.

आणि समजा, यजमानांची थोडी चूक निघालीच. तरी तुमची भरपाई त्यामुळे कापली जात नाही. तुम्ही शेजारी बसलेल्या प्रवासी होता, चालकाची चूक प्रवाशाच्या माथी मारता येत नाही. दोन वाहनांच्या एकत्रित चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर तो दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. मग त्या दोघांनी आपसात वाटणी करून घ्यावी. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. नवऱ्याच्या विरोधात जायचे कसे, या संकोचाने कित्येक बायका अर्जच करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. प्रतिवादी टेम्पोचा चालक, मालक आणि विमा कंपनी हे तिघे. घरात भांडण लागण्याचा इथे प्रश्नच नाही.

‘आपसात मिटले’ या कागदाची तुम्हाला फार धास्ती वाटते आहे, ती सोडा. पण त्याची झेरॉक्स काढून शब्द नीट वाचा. अशा कागदावर बहुधा ‘गाडीच्या नुकसानीपोटी’ असेच लिहिलेले असते. ती तडजोड बंपरची, दारांची, डिकीची होती. सही यजमानांची आहे, तुमची नाही, आणि तुमच्या मानेचा हक्क त्यांना सोडता येत नाही. शिवाय दुखापत कळण्याच्या आधीच्या सहीने कळलेल्या दुखापतीवर पाणी सोडले असे कोणी मानत नाही. २० हजारांची पावती अर्जात लपवू नका. आपणहून सांगा.

आता पोलीस. ‘इतके दिवस काय केले’ हा प्रश्न ते विचारतील. लेखी तक्रार करा आणि उशिराचे कारण तक्रारीतच लिहा: त्या रात्री इजा कळली नव्हती, दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला, एमआरआय अमुक तारखेला झाला. स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक द्या आणि तिची नक्कल मागा. बेदरकार वाहन चालवून इजा करणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ मध्ये येते. तक्रारीवर पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. दाखल करून घेत नसतील तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा मारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. न्यायाधिकरणात ‘निःसंशय’ पुरावाही लागत नाही, कोणती गोष्ट अधिक संभवनीय आहे एवढेच तोलले जाते. गुन्हा वेळेवर नोंदला असता तर पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून घेता येतो. तुमच्याकडे ती सोय राहिली नाही, म्हणून स्वतःचा अर्ज. अर्ज पुण्यातच करता येतो. अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, तिन्ही ठिकाणी मुभा आहे.

टोलनाक्याच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साडेतीन महिन्यांनी राहिले असण्याची शक्यता कमी आहे. तरी लेखी मागणी करून ठेवा, नकार आला तरी तोही कागदच आहे. फास्टॅगचे विवरण मात्र आजही मिळेल. त्यात कोणत्या वेळी कोणत्या नाक्यावरून गाडी गेली हे असते. त्या रात्रीचे फोटो मूळ फोनमध्येच ठेवा, फोन बदलू नका, विकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोला मूळ फोटोइतकी किंमत राहत नाही.

इथपर्यंतचे सगळे सोपे होते. मागून बसलेल्या धडकेत खरी लढाई दुखापतीवरून होते. हाड मोडले की एक्स-रे बोलतो, विमा कंपनीला फारसे बोलता येत नाही. मानेची इजा वेगळी. मागून धक्का बसला की सीट धडाला पुढे ढकलते, डोके क्षणभर मागेच राहते आणि मग झटक्याने पुढे येते. त्या झटक्यात मानेचे स्नायू आणि अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडे जोडणारे पट्टे, ताणले जातात. एक्स-रे हाडे दाखवतो, ताणलेले अस्थिबंध दाखवत नाही. त्या रात्री माणूस घाबरलेला असतो, दुखणे जाणवत नाही, आणि सूज चढून मान धरते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. हे डॉक्टरांना नवीन नाही. पण विमा कंपनीच्या वकिलाने रुग्णालयाचा पहिला कागद न्यायाधीशांपुढे धरून ‘मानेचा एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हटले की ते ऐकायला फार वजनदार वाटते.

म्हणून तुमचा सगळ्यात मोलाचा कागद एमआरआय नाही. तिसऱ्या दिवसाचा फॅमिली डॉक्टरांचा केसपेपर, हा तो कागद. त्यावर तारीख आहे का, ‘मागून वाहनाची धडक, दोन दिवसांपासून मान दुखणे’ असे काही लिहिले आहे का, ते आज पाहा. नसेल तर त्यात नंतर घुसडून घेऊ नका. उलटतपासणीत शाईचा रंगही विचारला जातो. डॉक्टरांकडून आजच्या तारखेचे वेगळे प्रमाणपत्र घ्या आणि त्यांच्या नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीचा त्यात उल्लेख करायला सांगा. पूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. दुखणे खरे होते, चेहऱ्यावर दिसत होते. पण धडकेनंतर चार आठवडे त्यांनी घरीच शेक घेत, गोळ्या खात काढले होते. मानेचा पहिला उल्लेख असलेला कागद एकतिसाव्या दिवसाचा. मी जीव तोडून बाजू मांडली, तरी त्यांच्या पदरात बिलांपुरतीच रक्कम पडली. तेव्हापासून नवीन माणूस आला की मी आधी पहिल्या आठवड्याचे कागद मागतो.

एमआरआयबद्दल खरे ते सांगतो. चकती फुगलेली दिसणे हे चाळिशीच्या आसपास कित्येक न दुखणाऱ्या माणसांतही आढळते. विमा कंपनी नेमके तेच म्हणेल, ‘हे वयाचे आहे, अपघाताचे नाही.’ त्यामुळे नुसत्या अहवालाने काम भागत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी तपासणीत काय पाहिले ते त्यांच्या कागदावर हवे: मान किती अंशांपर्यंत वळते, उजव्या हाताची पकड किती, हाताच्या कोणत्या भागात संवेदना कमी आहे, नसांची तपासणी केली असेल तर तिचा निष्कर्ष. आणि एक वाक्य हवे की अपघातापूर्वी हा त्रास नव्हता, तो धडकेने सुरू झाला किंवा वाढला. चकती आधीपासून थोडी झिजलेली असली तरी दावा बुडत नाही. धडक देणाऱ्याला ठणठणीतच माणूस मिळाला पाहिजे असा काही त्याचा हक्क नाही. न दुखणारी मान त्याच्या धडकेने दुखू लागली, तेवढी जबाबदारी त्याची. मात्र पूर्वी कधी मानेसाठी औषध घेतले असेल तर ते मला किंवा जो वकील कराल त्याला आधीच सांगा. कंपनीच्या नोकरीतले वैद्यकीय कागद, जुने मेडिक्लेमचे दावे बाहेर निघतात आणि लपवलेली एक गोष्ट बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींना मारते.

‘गाडीला फारसे काही झाले नाही, मग माणसाला कसे झाले?’ हाही ठरलेला प्रश्न. बंपर दबून पुन्हा बाहेर येतो, मान तशी येत नाही. हेडरेस्ट खाली असेल तर डोक्याला मागे आधारच नसतो. सीटचा फोटो असेल तर जोडा.

किती मिळेल या प्रश्नावर मी फोनवर आकडा सांगत नाही, पण हिशेब कसा होतो तो सांगतो. आधार आहे राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यात इजेच्या दाव्याचे भाग पाडून दिले आहेत: उपचार, प्रवास, आहार यांचा खर्च, बुडालेली कमाई, पुढे कमाईच्या क्षमतेत होणारी घट, पुढचा वैद्यकीय खर्च, आणि पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टी, म्हणजे वेदना आणि जगण्यातल्या सुखांना मुकणे.

तुमचे आकडे घेऊ. खर्च ६४ हजार. मेडिक्लेमचे २२ हजार त्यातून वजा होत नाहीत, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निकाल आहे. ते पैसे तुम्ही हप्ते भरून मिळवलेत, टेम्पोच्या विमा कंपनीला त्याचा फायदा का मिळावा? पाच आठवड्यांचा पगार साधारण ३७ हजार. त्यातले काही दिवस भरपगारी रजेत गेले असतील तरी ते मागा, साठवलेली रजा खर्ची पडली हे नुकसानच आहे. म्हणजे दोनच बाबींत लाखाच्या वर गेलो. फोनवर बोलणारा माणूस ४० हजार म्हणतो त्याचा अर्थ यातून समजून घ्या. रिक्षाचे भाडे, त्या काळात स्वयंपाकाला बाई लावली असेल तर तिचा पगार, पुढचे फिजिओथेरपीचे महिने अजून धरलेलेच नाहीत.

मोठा फरक पडतो तो कायमच्या अपंगत्वाने. समजा, उपचार संपल्यावर न्यायाधिकरणाने तुमच्या कमाईच्या क्षमतेत ५ टक्के घट मानली. वार्षिक पगार ३ लाख ८४ हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालानुसार कायम नोकरी आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढील वाढीपोटी त्यात ५० टक्के मिळवायचे, झाले ५ लाख ७६ हजार. ही वाढ इजेच्या दाव्यातही मिळते, हे २०२० मध्ये ठरले आहे. वर्षाच्या कमाईला वयानुसार कितीने गुणायचे याचा तक्ता त्याच न्यायालयाच्या सरला वर्मा निकालात आहे, त्यात ३६ ते ४० वयाला गुणक १५. त्याने गुणून ५ टक्के काढले की ४ लाख ३२ हजार. घट २ टक्केच मानली तर १ लाख ७२ हजार ८००. न मानली तर शून्य.

आणि शून्य येऊ शकते, हे मी गोड बोलून लपवणार नाही. दाखल्यावरचे टक्के आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच राजकुमार निकालात उदाहरण आहे. डावा हात गेलेला सरकारी कारकून त्याच नोकरीत, त्याच पगारावर राहू शकतो, तेव्हा त्याला कमाईच्या घटीपोटी रक्कम देण्याची गरज पडणार नाही, जगण्यातल्या सुखांना मुकल्याबद्दल मिळेल. तोच हात सुताराचा किंवा चालकाचा गेला तर कमाईच संपली. मी एका रिक्षाचालकाचे प्रकरण चालवले होते. दाखल्यावर अपंगत्व थोडेसेच, पण मान उजवीकडे वळत नव्हती. मान न वळवता पुण्याच्या रस्त्यावर रिक्षा कशी चालवणार? त्याने मीटरचा धंदा अर्ध्यावर आल्याचे दाखवले आणि दाखल्यातल्या आकड्याच्या कितीतरी पट घट मान्य झाली. तुमचे काम दिवसभर पडद्याकडे मान करून बसण्याचे आहे. मार्चअखेरची जादा कामे सोडावी लागली का, बढती हुकली का, टंकलेखनाचा वेग पडला का, याचे कंपनीचे पत्र हवे. तुम्ही पूर्वीसारखेच काम करत असाल आणि पगारही तोच असेल, तर मी तुमच्यासाठी या बाबीत फार मोठी मागणी लिहिणार नाही. मग वेदना, तुटलेली झोप, मुलाला कडेवर घेता न येणे यांचाच भाग नीट मांडू, आणि तोही काही थोडा नसतो.

अपंगत्वाचा दाखला घाईने घेऊ नका. उपचार थांबून प्रकृती एका जागी स्थिरावली की तो काढायचा, शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून किंवा शासकीय रुग्णालयाच्या मंडळाकडून. दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील ना, हे आधी विचारा. न पाहिलेल्या रुग्णाला टक्के वाटणारे लोक आहेत. त्यांचा कागद तुमचे खरे दुखणेही खोटे ठरवतो.

आणखी एक रस्ता तुमच्यापुढे ठेवला जाईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. गंभीर म्हणजे केवळ हाड मोडणे नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे १५ दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा रोजची कामे करता आली नाहीत तरी ती गंभीर दुखापत ठरते, जुन्या दंडसंहितेत हेच २० दिवस होते. तुमची रजा पाच आठवड्यांची आहे, म्हणून ‘पूर्ण विश्रांतीचा सल्ला’ लिहिलेले कागद जपा. मात्र ही रक्कम विमा कंपनीशी ठरवून स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. उपचार कुठवर जाणार हे कळण्याआधी हा निर्णय घेऊ नये असे माझे मत आहे. हाताच्या मुंग्या दोन महिन्यांत थांबल्या, तर मात्र अडीच लाख आणि सुटका, हा व्यवहार वाईट नाही.

विमा कंपनीच्या फोनवर रागावू नका, पण बोलणे लेखी मागा. कायद्याने त्यांच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने अपघाताची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत देकार मांडायचा असतो आणि तडजोड न्यायाधिकरणापुढे नोंदवायची असते. ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कागदावर घरी, गॅरेजमध्ये, हॉटेलात कुठेही सही करू नका. पुढे लोकअदालतीची तारीख येईल. तिथे मिटवणे चांगलेच असते, निकाल लगेच होतो, पैसे लवकर येतात. पण त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून मानेचे पुढचे चित्र स्पष्ट झाल्यावरच जा. टेम्पोचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, हे त्याच्या नंबरवरून परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर बघता येते, ते आजच बघून पडद्याचे छायाचित्र ठेवा. चालकाकडे साध्या हलक्या वाहनाचाच परवाना होता, अशी कुरकुर झाली तर घाबरू नका. ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन त्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे.

राहिले ते ३० टक्के. हे वाचून मला वाईट वाटले. मिळणाऱ्या भरपाईत वाटा मागणे वकिलाला मनाई आहे, बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. रुग्णालयाच्या दारात, कधी वॉर्डातच ‘आपण सगळं बघतो’ म्हणत येणारे दलाल कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतात. तुटलेल्या मानेच्या, मोडलेल्या पायाच्या पैशातला तिसरा हिस्सा कोणी उचलून नेणे मला आजही सहन होत नाही. त्या माणसाला नाही म्हणा. सही दिली असेल तर लेखी पत्राने ती रद्द करा आणि कागद परत घ्या. फी ठरवून, पावती घेऊन द्यायची असते. आणि फी देणे जड असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमचा पगार त्याच्या आड येत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. जाताना ओळखपत्र, पगाराच्या सहा चिठ्ठ्या, रजेचा दाखला, टेम्पोचा नंबर, स्टेशन डायरीचा क्रमांक, तडजोडीच्या कागदाची झेरॉक्स आणि औषधांची बिले डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांशी जुळवून घेऊन जा. तिसऱ्या दिवसाचा केसपेपर फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.